कुठून उतरवलंस?

आई, आज मॅडमनी मला तुझाच प्रश्न विचारला, तुझ्याच टोनमध्ये. "हे कुठून उतरवलंस गं?" मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइड. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, म्हणून सांगते. मी आता समाजशास्त्रात प्रबंध लिहितेय, घरी बसून कारखान्यांचं काम करणाऱ्या उल्हासनगरच्या बायकांवर. हो, तुझ्यासारख्याच. हसू नकोस.

नियम असा की प्रबंध जमा करायच्या आधी त्यातला थोडा भाग पेपर म्हणून छापून आणायचा. आणला. मग सगळा प्रबंध एका सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, ते चोरी पकडतं. पकडली. माझं चौथं प्रकरण पानंच्या पानं लाल, कारण ते माझ्याच छापलेल्या पेपरशी जुळतंय. म्हणजे मी माझंच चोरलं! शेजारच्या टेबलावरचा एक सीनियर म्हणाला, "माल उल्हासनगरचा आहे मॅडम, लेबल नीट चेक करा." सगळे हसले. मीही हसले, आणि तेव्हापासून हसणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघतेय.

हा संशय तुझ्याकडूनच आलाय. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधली आपली खोली, तू ओट्याला टेकून बसलेली, बोटात अंगुस्तान, पुढ्यात शेठने पाठवलेला जीन्सचा ढीग. जाड कापडातून सुई जाता जात नाही. प्रत्येक कमरपट्ट्यावर तू एक लेबल शिवतेस. वर कुठलंतरी परदेशी नाव, खाली 'ओरिजनल'. इंग्रजीतला पहिला मोठा शब्द मी त्यावरूनच वाचायला शिकले. एकदा पोह्यात लेबल निघालं तर बाबा म्हणाले, "चला, आज पोहे तरी ओरिजनल!" आणि दिवसभर दुसऱ्यांची नावं शिवणारी तू, घरात आलेली प्रत्येक वस्तू उलटी करून बघायचीस. टॉवेल, डबा, माझी वही. आठवीत माझ्या निबंधाला पहिला नंबर आला तेव्हासुद्धा.

"कुठून उतरवलंस? खरं सांग."

"माझाच आहे गं."

"तुझा? एवढं तुला कधीपासून सुचायला लागलं?"

बाजूच्या सिंधी आंटी मध्ये पडल्या. "अरे छोड ना भाभी, बच्ची का दिमाग है, बाजार से थोड़ी लाई है!" तू परत सुई उचललीस. तुला पटलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मॅडमना मी छापलेला पेपर दाखवला. वरचं माझं नाव दाखवलं. त्यांना अर्धवट पटलं. "ठीक आहे, पण हेच जरा वेगळ्या शब्दांत लिही." म्हणजे स्वतःला ओळखू येणार नाही असं लिहायचं, मग ते ओरिजनल. पुढे प्रकरणाच्या शेवटी त्या थांबल्या. तिथलं एक वाक्य लाल झालेलं नव्हतं. 'सुई माझी, दोरा शेठचा, आणि नाव कुणाचं ते सुईलाही माहीत नाही.' मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ. हे खास तुझं. असं लिहीत जा."

आई, ते वाक्य तुझं आहे. दोरा ओवताना म्हणायचीस, कुणालाच उद्देशून नाही. तू कुठे छापून आलेली नाहीस, म्हणून सॉफ्टवेअर गप्प. खाली टीप द्यायची तर मुलाखत लागते, तुझी संमतीची सही लागते, वर ओळख लपवायला नाव बदलावं लागतं. म्हणजे तुझ्यावरच दुसरं लेबल शिवायचं? आभारात घाल म्हणतील. तिथे सगळ्यांच्याच आया असतात.

उद्या अंबरनाथला मॅडमच्या घरी कागद द्यायचाय, 'हे लेखन संपूर्णपणे माझं आहे' असा. समोरच पडलाय. सही केलेली नाही. आणि आता तर तुझ्यावरही संशय येतोय. तू तरी ते कुठून उतरवलं होतंस? आंटींकडून? शेठकडे येणाऱ्या दुसऱ्या कुठल्या बाईकडून? विचारायला तू नाहीस, आणि हे पत्र जाणार कुठे.

एक मात्र सांगून टाकते. मॅडम "हे खास तुझं" म्हणाल्या तेव्हा मला लगेच बोलता आलं असतं. पण माझं लिहिलेलं कुणीतरी उलटं न करता मान्य केलं होतं, आणि ते इतकं बरं वाटलं, की मी "थँक्यू मॅडम" म्हणून गेले.