भिंगरीचा ताबा

मी, सोफ्याखुर्च्यांची कव्हरे शिवून दोन मुले वाढवलेली विधवा बाई, पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी दबाव टाकलेला नाही. पोटातल्या गाठीविषयी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे, म्हणून घाई, एवढेच.

कलम १. राहते घर, पुढच्या कामाच्या खोलीसह, आणि बँकेत उरेल ते माझ्या मुलाला. तो परगावी उंच इमारतीत राहतो. आमच्या कुत्रीला, भिंगरीला, नेशील का, असे विचारले तेव्हा म्हणाला, "आई, इथे माणसांनाच पाय पसरायला जागा नाही गं." खरे आहे. माझा त्याच्यावर राग नाही.

कलम २. शिलाई मशीन, वाकड्या सुया आणि कात्र्या माझ्याबरोबर काम केलेल्या कारागीरबाईला. मोठ्या कात्रीने तिने कागद कापू नये. मी मेले तरी मला कळेल.

कलम ३. हात कुरतडलेला सोफा थोरल्या जाऊबाईंना. दुरुस्त करणे मला अवघड नव्हते, मुद्दाम केला नाही. माझी लेक गेली त्यानंतरच्या महिन्यात त्याच सोफ्यावर बसून त्या म्हणाल्या, "कुत्र्याला लेकीच्या जागी बसवू नकोस. लांब कुठेतरी सोडून ये." भिंगरी तेव्हा सोफ्याचा हात चावत होती. दुसऱ्या कोणाचा हात तिने धरला नाही, हे जाऊबाईंनी उपकार समजावेत.

कलम ४. भिंगरी. वकीलबाईंनी सांगितले की कायद्याच्या लेखी कुत्री म्हणजे जंगम मालमत्ता. मी म्हटले, हिच्याइतके जंगम आमच्या घरात दुसरे काही नाही.

ओळख पटावी म्हणून वर्णन देते. रंग तांबूस, छातीवर पांढरा डाग. एक कान उभा, दुसरा पडलेला. पाय शिकारी कुत्र्याचे, शेपूट कोल्ह्याची. आईबाप अज्ञात. जात कोणती, असे कोणी विचारले की लेक सांगायची, "सगळ्यांची थोडी थोडी." लेक शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानामागच्या कोरड्या गटारात हे पिल्लू तिला सापडले. पहिल्याच दिवशी ते स्वतःभोवती इतके फिरले की लेकीने नाव ठेवले, भिंगरी.

हिला सकाळ-संध्याकाळ पळवावे लागते. फिरवून भागत नाही, पळवावेच लागते. अंग दमले तरी डोके दमत नाही, म्हणून घरात चेंडू लपवून शोधायला लावावा. काम दिले नाही तर ती स्वतः काम शोधते, आणि ते आपल्या खिशाला परवडत नाही. पळून आल्यावर लगेच खायला घालू नये. आधी धाप बसू द्यावी. कांदा, द्राक्षे, चॉकलेट अजिबात नाही, कितीही केविलवाणे तोंड केले तरी. पडलेला कान आतून ओलसर राहतो, तो मऊ कापडाने पुसावा. ओरडू नये. ओरडले की तिला वाटते आपणही भुंकतो आहोत, आणि ती साथ देते. घरात कोणी रडले तर ती सगळे वजन टाकून अंगावर बसते. उठवू नये.

कलम ५. ताबा कोणाकडे, ते आता लिहिते.

माझा जावई चित्रांना चौकटी करून देतो. लग्नानंतर लेकीबरोबर भिंगरीही त्याच्या घरी, दुकानामागच्या खोलीत राहायला गेली. पुढे लेकीला मेंदूचा ताप आला. दवाखान्यात कुत्र्याला आत घेत नाहीत. भिंगरी फाटकाबाहेर थांबली. लेक आतच गेली, आणि तिला मागच्या दाराने बाहेर नेले.

नंतर जावई भिंगरीला माझ्याकडे घेऊन आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आई, हिला ठेवून घ्या. मी दुकान बंद करून आलो की ही उठते, माझ्या मागे कोण आहे ते बघते. मला ते सहन होत नाही."

"आणि मला होतं?" मी म्हणाले. पट्टा घेतला आणि दार लावले. त्यानंतर आमचे बोलणे नव्हते.

माझ्याकडेही ती दाराशीच बसायची. खायची, पळायची, येऊन पुन्हा दाराशी. मग मागच्या हिवाळ्यात एका दुपारी कापडवाला गठ्ठे उतरवत असताना ती त्याच्या पायांतून निसटली. मी मैदान पालथे घातले, दवाखान्याचे फाटक पाहिले. शेवटी पाय ओढत जावयाच्या दुकानात गेले.

तो जमिनीवर बसला होता, भिंगरी त्याच्या मांडीवर. काचेचे तुकडे त्याने कोपऱ्यात लोटले होते, तिच्या पायांना लागू नयेत म्हणून.

"आई, ती आली ती थेट आत गेली," तो म्हणाला. "खाटेखाली, कपाटामागे, सगळं हुंगलं. मग माझ्याजवळ येऊन बसली. तिला कळलं."

"काय कळलं?"

"की ती इथेही नाही."

मीही खाली बसले. त्या दिवसापासून भिंगरी दाराशी बसत नाही. तेव्हापासून जावई येतो, तिला पळवतो, माझी औषधे आणतो.

भिंगरीला तुमच्याकडे ठेवाल का, असे मी त्याला गेल्या आठवड्यात विचारू लागले, तर म्हणाला, "विचारू नका आई. विचारलंत तर मी म्हणेन, तुम्ही कुठे जाताय. लिहून टाका."

म्हणून लिहिते. भिंगरी माझ्या जावयाची. तो पुन्हा लग्न करील, त्याने करावे. येणाऱ्या बाईने वरचे कलम चार एकदा वाचावे.

कलम ६. अंत्यविधी साधा करावा. मला नेण्यापूर्वी भिंगरीला खोलीत आणावे. पट्टा काढावा. कोणी "हाड" म्हणू नये. तिला मला हुंगू द्यावे, तिचे समाधान होईपर्यंत. ती उठून दाराकडे गेली की मगच मला हलवावे. जावयाने माझ्यामागे येऊ नये. त्याने तिला घेऊन मैदानावर जावे आणि पळवावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार १. (सही) जनावरांच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार २. (सही) समोरचे निवृत्त पोस्टमास्तर

ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर, शनिवार