अर्थात फरक पडल्यास चिनी मजकूर खरा

मी, माक युक-सिम, कै. तोंग यांची विधवा, वय एकाहत्तर, हाँगकाँगात शाम-शुई-पो इथे कडू काढ्याचं दुकान चालवणारी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र चिनी भाषेत लिहीत आहे. दडपण आलं ते इंग्रजीत लिहिण्याचं. माझा मुलगा शिऊ-लाम वकील आहे. तो म्हणाला, "आई, कोर्टाला इंग्रजीची सवय आहे. उगाच कशाला हट्ट?" गेल्या महिन्यात कायदा झाला, दोन्ही भाषांचा दर्जा सारखा. त्यासाठी माझ्या दुकानात सह्या घेतल्या जात. सही न करता काढा मागणाऱ्याला मी "हंडा रिकामा आहे" म्हणून वाटेला लावायची. एवढं करून आता इंग्रजीत मरू?

१. दुकान आणि तांब्याचे दोन्ही हंडे शिऊ-लामला. दुकान विकलं तरी चालेल, हंडे भंगारात घालू नयेत.

२. जेडची बांगडी सुनेला. मी दिलेला काढा ती मोरीत ओतते हे मला ठाऊक आहे, तरीही.

३. माझे दीर तोंग पाक-हेई यांना दरवर्षी कबरी झाडायच्या दिवशी वाटीभर काढा फुकट द्यावा. सगळ्यात कडू. कडू तोंड गोड करायला गिऱ्हाइकाला देतो ते खारवलेलं आलुबुखार त्यांना देऊ नये.

कारण असं की, नवरा गेल्यावर त्यांनी आमच्या घरावर दावा लावला. न्यायाधीश इंग्रज. मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले आणि दुभाष्याने ते एका वाक्यात उरकलं. मी विचारलं, "बाकीचं कुठे गेलं?" सगळे हसले. दीरही हसले. घर गेलं.

इथवर वाचून शिऊ-लाम म्हणाला, "आई, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत गं." मग म्हणाला, "बाकीचं काय होतं?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं. म्हणून लिहिते. त्या घरातली चूल नवऱ्याने स्वतः रचली. शिऊ-लाम तिथेच जन्मला. जपान्यांच्या अमलात दीर उपाशी दारात आले, तेव्हा माझ्या वाट्याचा भात मी त्यांना वाढला. त्या दिवशी कोर्टात मी हे बोलले होते.

४. अंत्यविधीनंतरच्या जेवणात, दीरांना समोर बसवून, शिऊ-लामने हे आपल्या बोलीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. कोर्टाला इंग्रजी हवंच असेल तर भाषांतर त्यानेच करावं. एकही वाक्य गाळू नये, कलम तीनमधलं तर मुळीच नाही. कायद्याला दोन्ही भाषा सारख्या असतील, माझ्या दुकानात नाहीत. दोन्ही मजकुरांच्या अर्थात फरक पडल्यास चिनी मजकूर खरा.

सही आणि शिक्का: माक युक-सिम

हे सगळं ऐकून, समजून, आम्ही दोघांनी तिच्यादेखत सह्या केल्या:
यिप चुंग-हाँग, शेजारचे तांदूळवाले
फान लाय-कुन, हाडवैद्य

शाम-शुई-पो, मार्च १९७४

काही न गाळता भाषांतर करीन. तोंग शिऊ-लाम, वकील. (सही चिनीत.)