सुनेत्राला काहीही ठेवलेलं नाही

मी, गिरीश वसंत दामले, वय वर्षे तेवीस, राहणार शिकागो, इलिनॉय, काम डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या फोटोच्या दुकानात फिल्म धुणे, शिक्षण इंजिनीअरिंग (अर्धे), पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. लहानपणी नागपूरला आलेल्या तापाने ती खराब झाली. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण तसं म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत, बाबांकडे बघतात. म्हणून हा कागद. याआधी रागाच्या भरात मी कुणाला काही देतो म्हणालो असेन, तर ते धरू नये.

१. कॉलेजची पुस्तकं बाबांना. त्यांनीच घेतली, त्यांनाच आवडत होती. बाबा, मी कॉलेज सोडलं ते नापास होऊन नाही. लायब्ररीत थर्मोडायनॅमिक्सच्या कपाटामागे चित्रांच्या पुस्तकांचं कपाट होतं. एवढंच झालं.

२. प्रोजेक्टर आणि सगळ्या स्लाइड्स माझी धाकटी बहीण कांचन हिला. लायब्ररीची पुस्तकं घरी आणून, कॅमेरा स्टँडला उलटा बांधून मी त्या पानापानावरून काढल्या आहेत. त्यात अजिंठ्याचे चित्रकार आहेत, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. अमृता शेरगिल आहे. जर्मनीच्या कोलविट्झबाईंनी काढलेल्या, पोरांना पोटाशी धरणाऱ्या आया आहेत. आणि अठराव्या रस्त्यावर आजही भिंती रंगवणारा तो मेक्सिकन म्हातारा आहे, ज्याने ओळखदेख नसताना मला शिडी धरायला लावली.

अट अशी की दर रविवारी बेसमेंटमध्ये मुलांना बोलावून त्या दाखवायच्या. चित्रकाराचं नाव आधी सांगायचं नाही, आधी गप्प बसून बघू द्यायचं. कुणी "सो व्हॉट?" म्हणालं तर हाकलायचं नाही. कांचन, पहिल्या रविवारी तूही तेच म्हणालीस. मग शेरगिलच्या बायका बघून विचारलंस, "दादा, व्हाय आर दे सो सॅड?" कॉलेज सोडल्याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

३. आमच्या मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त काका निमकर यांना नारिंगी साटीनचा पडदा, फाटलेल्या अवस्थेत. कारण सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो. यंदाच्या गणपतीला मखरामागे लावायला त्यांच्याच मुलीने, सुनेत्राने, मोठ्या कापडावर चित्र काढलं होतं: जानेवारीतलं गोठलेलं मिशिगन सरोवर, आणि दूर बर्फावर चालणारा लाल कोटातला एक माणूस. काका म्हणाले, "गणपतीमागे बर्फ? मखर आहे की फ्रीजर?" सगळे हसले. वरून साटीन ओढलं. सुनेत्रा प्रसादाच्या वाट्या मांडत राहिली. आरती चालू असताना मी तो पडदा खेचून काढला. काका, माफी मागणार नाही. तुमच्या घरात चित्रकार आहे, आणि तुम्ही सांता क्लाराच्या कॉम्प्युटरवाल्यांना फोन लावून इंजिनीअर जावई शोधताय.

४. ते चित्र सगळे हॉलवर टाकून गेले. मी उचलून आणलं. माझ्या पलंगाखाली गुंडाळून ठेवलंय. ते मंडळाला. पुढच्या गणपतीला मखरामागे उघडं लावावं. आपल्या माणसांनी एखादा चित्रकार तो जिवंत असताना बघितला, असं एकदा तरी होऊ दे यार.

५. सुनेत्राला काहीही ठेवलेलं नाही. खरं तर सगळं तिलाच द्यायचं होतं. पण विम्याचं काम करणारे उल्हास काका म्हणाले, "साक्षीदाराला काही ठेवू नकोस रे, ते बाद होतं." मग मी तिला साक्षीदारच करायचं ठरवलं. पडदा खेचला त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये ती म्हणाली, "चित्र माझं होतं, तमाशा तुझा झाला." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही आणि ब्रश हातात घेत नाही. फोन केला की काकू उचलतात. ऑपरेशनच्या आधीचा कागद म्हटल्यावर सहीला तरी येईल. मी सही करताना साक्षीदाराने समोर उभं राहून बघावं लागतं, असा कायदा आहे. तेवढं मला पुरे. (पुरे नाही. पण कायद्याच्या कागदावर आणखी काय लिहू?)

सही: गिरीश वसंत दामले
शिकागो, शनिवार, १५ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार पहिला: उल्हास रानडे. सही माझ्यासमोर झाली. भाषा मला पसंत नाही, पण चालेल.

साक्षीदार दुसरी: सुनेत्रा चारुदत्त निमकर. सही माझ्यासमोर झाली. मी बघत होते. शुद्धीवर आहे, नेहमी असतो तेवढाच. कलम चार मला मान्य नाही. चित्र माझं आहे, ते कुणाला द्यायचं हे ठरवणारा हा कोण? शिवाय ते अपुरं आहे. लाल कोटवाल्याची बर्फावरची सावली काढायची राहिली आहे. हॉस्पिटलातून घरी आल्यावर याने ते स्वतः आणून द्यावं. मी न्यायला येणार नाही.