अकरा जणींची चव

सोलापूर,
दि. ४ मार्च २०२४

ती. बजाअक्कास, धाकट्या वैजयंतीचा सा. न. वि. वि.

मालदांडी ज्वारीचं अर्धं पोतं आणि बोरांची पिशवी मिळाली. एसटीचं भाडं नव्वद, स्टँडवरून सात रस्त्यापर्यंत रिक्षा साठ. वाद घातला, दहा सुटले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून बाकीचं लिहूनच कळवते.

मन थाऱ्यावर नाही. आमच्या बचत गटात शेंगाचटणी कुटून झाली की पहिली वाटी सिद्धेश्वराच्या तसबिरीपुढे ठेवतो. मग बसल्या ओळीनं एकेकीनं चिमूट चाखायची आणि कशी लागली ते बोलायचं. बारा जणींनी चांगली म्हटलं की पिशव्या भरायच्या. पहिल्या पार्वतम्मा, गट त्यांनीच उभा केला. त्यांच्याशेजारी मी. शनिवारी अकरा जणी चांगली म्हणाल्या. शेवटी बसलेली गौरम्मा, गेल्या दिवाळीत आलेली, खवट आहे म्हणाली. शेंगदाणे पार्वतम्मांनी स्वतः आणलेले, आणि ही त्यांच्या तोंडावर असं बोलते. आम्हा अकरा जणींच्या जिभा झडल्या आणि हिची तेवढी शाबूत काय, असं जगदेवीनं विचारलं, सगळ्या हसल्या. तरी बाईचा हेका सुटेना. शेवटी हात वर करून तिला गटातून कमी केलं आणि पिशव्या भरल्या. माझाही हात होता. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन लेकरं, घर या कामावरच चालतं, सगळं खरं. पण चारचौघींत राहायचं तर चारचौघींसारखं वागावं की.

त्याच चटणीतली पाव किलो सोबत पाठवते. दाजींना आवडेल.

माया आहे तशी राहू द्यावी.
तुझी वैजयंती

मंगळवेढा,
दि. ९ मार्च २०२४

चि. सौ. वैजयंतीस अक्काचे अ. आ.

चटणी पोचली. पहिल्याच घासाला तुझ्या दाजींनी ताट सारलं. मग मी चाखली. खवट हाय. लई खवट. म्हशीच्या पेंडीला बी असला वास येत न्हाय. वरनं लसूण जास्तीचा घातलाय, पर झाकला जाईना.

आता मला सांग, आईच्या घरात तेल कडू झालेलं डब्याचं झाकण न काढता वळखणारी तू. तुला कळलं न्हाय व्हय? मला पटत न्हाय. पार्वतम्मा पहिली, तू दुसरी, तूच लिव्हलंयस. तू बोलली असतीस तर तिसरीला तोंड फुटलं असतं. मेंढरं एकामागं एक खड्ड्यात जातात ती खड्डा दिसत न्हाय म्हणून. तुमी तर खड्डा चाखून गेलासा. आन् देवापुढं खवट ठिवून, त्येच्याच म्होरं बसून चांगली म्हणालीस. सोमवार कशाला धरतीस मग?

राग आलाय म्हणून लिव्हलं, माया आटली म्हणून न्हवं.
अक्का

सोलापूर,
दि. १८ मार्च २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. लिहायला बसले तर खोटं सुचेना.

कळलं होतं, अक्का. जिभेवर ठेवल्याबरोबर कळलं. पण पार्वतम्मा चांगली म्हणाल्या, आणि मनात आलं, अंगात कणकण आहे, आपलंच तोंड कडू असेल. कणकण नव्हतीच. ती मी तिथल्या तिथे आणली.

परवा शनिवारी उभी राहून हेच सगळ्यांपुढे बोलले. तुलाही घरी बसायचंय का, असं पार्वतम्मांनी विचारलं. तेव्हा मात्र डोकं फिरलं. त्याच चटणीची पिशवी फोडली आणि म्हटलं, आज बोलायचं नाही. भिंतीकडे तोंड करून चाखा, चांगली असेल तर चिठ्ठीवर गोल काढा, खवट असेल तर फुली. भिशीची चिठ्ठी काढायचीय काय, म्हणून जगदेवीनं टोमणा मारला, पण चिठ्ठी घेतली. तसबिरीपुढे मी एकेक उघडली. अकराच्या अकरा फुल्या. म्हणजे पार्वतम्मांचीही.

त्यावर गौरम्माला परत बोलवायला कोण कोण हात वर करतं विचारलं, तर सगळ्या पुन्हा पार्वतम्मांच्या हाताकडे बघत बसल्या. तो मांडीवरच. एवढ्या फुल्या समोर पडलेल्या असताना. माझा एकटीचा हात वर राहिला. माझी पिशवी उचलली आणि गट सोडून निघाले.

तशीच गौरम्माच्या दारात गेले. तिनं आत बोलावलं नाही. पार्वतम्मांवर तिचा राग नाही, दाणे त्यांचे होते, म्हणाली. माझ्यावर आहे. चाखताना माझं तोंड वाकडं झालेलं तिनं बघितलं होतं. म्हणूनच तिला बोलायचा धीर आला. वैजयंतीबाईंना कळलंय, आपण एकट्या पडणार नाही, असं तिला वाटलं होतं.

माझ्या घरी दोघी मिळून चटणी करू, एवढं म्हटलं. आधी दाणे दाखवा, मग बघू, म्हणाली आणि दार लोटलं.

तर दाजींना सांगून यंदाच्या शेंगांचे पाच किलो दाणे बघून ठेव. आधी तू चाख. कसे लागले ते माझी भीड न धरता उलट टपाली कळव.

रागावलीस तरी अंतर देऊ नको.
तुझी वैजयंती