शोभेच्या ट्रकाचं वजन

भोसरी,
रविवार, दुपार

ती. सोपानमामांना नवनाथचा वाकून नमस्कार.

मामींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल असं धरून चालतो. तुमची कंबर कशी आहे हे विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तेव्हा तुम्ही चाळीस मिनिटं सांगितलंत आणि माझी आमटी गार झाली. इकडे स्वरूपा खुशाल आहे, मुलगी खुशाल आहे, एक मी सोडून सगळे खुशाल आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला सलग दोन वाक्यं बोलू देत नाही, शिवाय फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या पाराला ऐकवता, हे मला दिवाळीत कळलेलं आहे. पत्राला कोणी "ते राहू दे, आधी माझं ऐक" म्हणू शकत नाही. आणि मला पूर्ण ऐकून घेणारा माणूस हवा आहे, कारण मी फार संतापलो आहे.

चाकणच्या एका कंपनीने (नाव लिहीत नाही, माणसं तशी वाईट नाहीत) आमच्या बॉडी बांधायच्या शेडला शोचा ट्रक करायला दिला. शोचा ट्रक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण चौतीस वर्षं स्टेअरिंग धरूनही असला ट्रक तुम्हाला आडवा गेला नसणार. तो माल नेत नाही. तो कुठेच जात नाही. त्याला मोशीच्या प्रदर्शनात नेऊन उभा करायचा, त्याच्यावर दिवे सोडायचे आणि लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढायचे. या ट्रकाचं नाव होतं 'चालकाचं घर'. ड्रॉइंगमध्ये सीटमागे झोपायला बर्थ होता, पण तो प्लायचा, नुसता दिसायला. नळ होता, पण पाणी नाही. शेगडी होती, पण गॅस नाही. (स्वरूपा म्हणाली, "मी लग्न करून आले तेव्हा आपलं घर असंच होतं." हा विनोद तिने शेडमधल्या सगळ्यांसमोर केला. ज्यांनी हसू आवरलं नाही, त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.)

काम द्यायला आलेला अधिकारी प्रितम, वय असेल अठ्ठावीस, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात सतत 'फील'. "नवनाथ सर, ट्रक बघितल्यावर फील आला पाहिजे." मी म्हटलं, आणू. बावीस वर्षं मी पाण्याचे टँकर आणि विटांच्या गाड्या बांधतोय, माझ्याकडे आजवर कोणी फील मागितला नव्हता. मुदत होती सहा आठवडे. त्यातले तेवीस दिवस साहेबलोकांनी नारिंगी रंग ठरवण्यात घालवले. रोज प्रितम मोबाइलवर नवीन नारिंगी पाठवायचा. हा सूर्यास्ताचा, हा गाजराचा, हा थोडा 'तरुण'. आमचा रंगारी सनी शांत माणूस आहे, पण सोळाव्या नारिंगीला तोही म्हणाला, "भाऊ, त्यांना सांगा, संत्रं आणून द्या, सोलून बघतो." शेवटी पहिल्या दिवसाचाच रंग पक्का झाला आणि हातात राहिले एकोणीस दिवस. उशीर त्यांचा आणि घाई माझी, हा कुठला न्याय, हे तुम्हीच सांगा.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता येत नाही ते किसनमिस्त्रींचं वागणं. तुम्हीच मला त्यांच्या हाताखाली घातलंत, तुमच्या गाडीची बॉडी तेच बांधायचे, तेव्हा तुमच्या मित्राबद्दल मी लिहितोय हे ठाऊक असूनही लिहितो. मी शेड काढल्यापासून ते माझ्याकडे आहेत. आता चौसष्ट वर्षांचे आहेत, दापोडीहून बसने येतात आणि पहिला चहा घेईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. त्यांना मी ड्रॉइंग समजावलं. म्हटलं, "मिस्त्री, बर्थला प्लाय ठोका, वरून रेग्झिन लावा आणि सोडून द्या. यावर कोणी झोपणार नाही."

"मग कशापायी करायचा?"

"दिसायला."

"बर्थ दिसला की डायवर आडवा व्हनारच. आन् मोडला तर?"

"मिस्त्री, तिथं डायवर नसणार. सूट घातलेले लोक असणार."

"त्यांस्नी पाठ न्हाई व्हय?"

अशा माणसाशी काय बोलायचं? जन्मात त्यांनी नऊ टन पेलणार नाही अशी वस्तू केलेली नाही. घरी नातीला पाळणा केला, तो चौघांशिवाय हलत नाही. तर या माणसाने काय केलं, बर्थखाली लोखंडी चॅनेल घातले. नळ खरा बसवला, टाकी दोनशे लिटरची. तळाला प्लायऐवजी जाड पत्रा. मागची बॉडी, जिच्यात फुगवलेले फुगेसुद्धा जायचे नव्हते, तिला खालून इतके आडवे बार दिले की त्या गाडीतून उद्या ऊस नेला तरी तिला कळायचं नाही. शेडमधले सगळे त्यांच्यामागे. रोज ओव्हरटाइम, रोज ठिणग्या. एकोणिसाव्या दिवशी ट्रक उभा राहिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो.

मग मोशी. तिथे गेल्यावर कळलं की गाडी जमिनीवर उभी करायची नाहीच, एका फिरत्या चकतीवर चढवायची. मोठे साहेब बटण दाबणार आणि 'चालकाचं घर' सावकाश गोल फिरणार. चकती सहा टन पेलणारी. वाटेतल्या काट्यावर आमच्या गाडीने सात टन तीनशे दाखवले होते. चकतीवाला पान चघळत म्हणाला, "चढवा की. फक्त खाली बसली तर मी इथं नव्हतो." टाकीतलं पाणी सोडून बघितलं, तर दोनशे किलो कमी झाले आणि शेजारच्या स्टॉलचा लाल गालिचा भिजला, त्यावरून त्यांचा माणूस भांडायला आला. (तो गालिचा आधीच ओला होता, पण ते असो.) उद्घाटनाला दीड तास उरला होता. प्रितम ओळखपत्र मुठीत धरून पायरीवर बसला होता. गाडी फिरणार हे त्याने वरपर्यंत सांगून ठेवलं होतं, आणि नोकरीला लागून त्याला सातच महिने झाले होते. तेवढ्यात त्याचे तीन साहेब आले आणि मला म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये प्लाय आहे. हे लोखंड घालायला कोणी सांगितलं?"

तेव्हा माझा तोल गेला, मामा. मी सगळ्यांसमोर मिस्त्रींना म्हटलं, "मनाला येईल ते करता. शोचं काम तुम्हाला समजत नाही. आता घरी बसायचं वय झालं तुमचं." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले, पट्टी खिशात घातली, टोपी नीट केली आणि चालत गेटाबाहेर गेले. एवढंच. भांडलेसुद्धा नाहीत, म्हणजे उलट मीच वाईट ठरलो.

पुढचं ऐका. चकती काढून टाकली, गाडी साध्या फरशीवर उभी केली. गाडी साहेबांसमोर फिरेना, म्हणून साहेबांना गाडीभोवती फिरवायचं ठरलं. सनईची टेप लागली, पुढे मोठे साहेब, मागे बारा अधिकारी. दुसऱ्या फेरीला एका वयस्कर डीलरने बंपरला हात लावून नमस्कार केला, मग मागच्यांनाही करावा लागला. टाळ्या वाजवायला कंपनीने बस भरून तीस ड्रायव्हर आणले होते. ते टाळ्या वाजवून थांबले नाहीत, वर चढले. जालन्याचा एक जण बर्थवर आडवा झाला आणि उठेना. बाकीचे खाली रांगेत उभे राहून ओरडायला लागले, "ए भावा, पाच मिनिटं म्हणलेलास!" मोठ्या साहेबांचं भाषण सुरू झालं तेव्हा तो इतका गाढ झोपला होता की त्याचं घोरणं माइकमधून ऐकू येत होतं. साहेब बोलायचे थांबले. सगळा मंडप थांबला. फक्त तो चालू होता.

तर असा आमचा शो झाला. आज नऊ दिवस झाले, मिस्त्री शेडवर आलेले नाहीत. मी त्यांच्या घरी जाणार नाही. दापोडी लांब नाही, पण प्रश्न तत्त्वाचा आहे. मालक कोण आणि मिस्त्री कोण, हे एकदा ठरायला हवं. त्यांच्यावाचून माझं काही अडत नाही. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
नवनाथ

ता. क. अडतं. भाषण संपल्यावर मोठे साहेब स्वतः आत चढले, त्या ड्रायव्हरला न उठवता बर्थ खालून-वरून बघून आले आणि आता त्यांना तसे दहा ट्रक हवे आहेत, असाच बर्थ, सात आठवड्यांत. आम्ही एक बर्थ करून बघितला. सनी त्यावर झोपला आणि कुशीवर वळला, तर खाटेसारखा करकरला. मिस्त्रींचा करकरत नाही. ते काय करतात हे बावीस वर्षांत मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ता. क. २. वर एक गोष्ट लिहायची राहिली. ड्रॉइंग समजावतानाच्या त्या बोलण्यानंतर मिस्त्री चार दिवस मुकाट्याने ड्रॉइंगप्रमाणे प्लायच कापत होते. मला ते बघवेना. पाचव्या दिवशी चॅनेल मीच टेम्पोत घालून आणले, त्यांच्यासमोर टाकले आणि काही न बोलता चहाला निघून गेलो. मोशीत त्यांनी 'चॅनेल मालकानेच आणले' एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. सांगितलं नाही. दापोडीला मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो.

ता. क. ३. काम असं आहे. सनीला मी कौतुक सांगायला पाठवला होता, त्याला चहा मिळाला आणि उत्तर मिळालं, "मालकाला म्हनावं, बरं झालं." कौतुकाने ते हलायचे नाहीत. मी माफी मागायला गेलो तर "असू दे" म्हणतील आणि घरीच बसतील. गाडी आता शेडमध्ये परत आली आहे. तुम्ही बुधवारच्या एसटीने या, बर्थवर तासभर पडा आणि काहीतरी चूक काढा. उशाकडे उतार कमी आहे म्हणा, कड मांडीला लागते म्हणा. मी दोन दिवस शोधली, मला सापडली नाही, पण तुम्हाला माझ्या लग्नाच्या पंगतीत पाणी वाढण्यातसुद्धा सापडली होती. मग मिस्त्रींना तुम्हीच फोन करा. आपल्या कामात चूक राहिली हे ऐकून ते दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे असतील. ते वाकून माप घेत असतील, माझ्याकडे त्यांची पाठ असेल, तेव्हा मला जे बोलायचं आहे ते मी बोलून घेईन.