दुसरी बेडरूम

प्रिय अनुपमा,

तुझा दुबईचा नंबर लागत नाही, म्हणून छायाकडून मेलबर्नचा पत्ता घेतला. सध्या मी दुबईतच, बर दुबई भागात, लेकीकडे म्हणजे छायाकडेच असते. गुडघा बरा आहे, जिने चढते. तो तुझ्यामुळे बरा झाला, हे मी कधी बोलूनही दाखवलं नाही.

ऑपरेशननंतर इथल्याच अल कुसैस भागातल्या तुमच्या घरी मी तीन महिने राहिले. उपेंद्र ऑफिसला निघून जायचा आणि तू रजा काढून माझे केस धुवायचीस, मला धरून पॅसेजमध्ये चालवायचीस. लग्न न करता माझा मुलगा आणि तू एका खोलीत झोपता, हे सुरुवातीला टोचलं. पुढे टोचेनासं झालं. पण लोकांना मात्र तू माझी भाची, असंच मी सांगत राहिले. तेव्हा इथल्या कायद्यालाही ते चालत नव्हतं, आणि मला तर कायद्यापेक्षा लोकांचीच भीती जास्त. देवळाच्या गल्लीत माझी नागपूरची मैत्रीण भेटली, तिलाही तेच सांगितलं. तू हसून नमस्कार केलास. परतताना खाडी ओलांडायला अब्रात, त्या लाकडी होडीत, बसल्यावर एवढंच म्हणालीस, "काकू, पुढच्या वेळी मला घरीच राहू द्या." मी खाडीकडे बघत बसले.

मग तुम्ही मेलबर्नला गेलात आणि वर्षाच्या आत वेगळे झालात. का, ते मला कुणी सांगितलं नाही. घर-पैशांच्या वाटणीचं प्रकरण तिथल्या कोर्टात गेल्यावर उपेंद्रचा फोन आला. तू म्हणतेस, दुबईपासून आम्ही नवरा-बायकोसारखे राहिलो. तो म्हणतो, दुबईत ती नुसती फ्लॅटमेट होती. लग्न नसेल तर तिथं निदान दोन वर्षं तसं राहिल्याशिवाय वाटणी मागता येत नाही, म्हणून दुबईची वर्षं धरली नाहीत तर तुझा दावाच टिकत नाही, हेही त्यानंच समजावलं. "आई, तूच सगळ्यांना भाची सांगायचीस ना? तेच लिहिलंय. सही कर, यल्ला, लवकर, आजच पाठवायचंय."

कागद इंग्रजीत होता. छायानं वाचून दाखवला. अनुपमा दुसऱ्या बेडरूममध्ये झोपायची, असं त्यात होतं.

दुसऱ्या बेडरूममध्ये तर मी झोपायचे गं.

"आई, नको करूस," छाया म्हणाली. मी केली. मुलगा आहे, एवढंच डोक्यात होतं.

त्यानंतर छाया वाढायची आणि मी तिच्याकडे न बघता ताट सारायचे. शेवटी गेल्या आठवड्यात मीच म्हटलं, अनुपमाच्या वकीलबाईंना फोन लाव. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, कोर्टात व्हिडिओवर बोलावं लागेल, समोरचा वकील तुम्हाला खोटारडी म्हणेल. म्हटलं, म्हणू दे, तेवढं तरी खरं आहे. उपेंद्रला मी स्वतः कळवलं. "खलास, आई," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. अजून त्याचा फोन नाही.

तो कागद तू वाचला असशील, खाली माझी सही पाहिली असशील. माफी मागायला मला तोंड नाही, आणि मागतही नाही. लिहितेय ते इतक्यासाठीच, की सुनावणीला मी एकदम पडद्यावर दिसले तर तू दचकू नयेस. मी त्याच्या बाजूनं आलेली नसेन. माझ्याकडे बघवलं नाही तर बघू नकोस. फक्त ऐक.

तुझीच,
स्मिताकाकू