थॉर्नबी उतरली तरी

बाबा,

मी पबमध्ये इंग्लिश फुटबॉल बघायला गेलेय. हो, सकाळी सात वाजता, आणि हो, काल तुम्ही एवढा आरडाओरडा केल्यावरही. उशिरा गेलं की उभं राहावं लागतं, इतकी गर्दी होते हल्ली. आपला गाडी दुरुस्त करणारा लॉइडसुद्धा आमच्या थॉर्नबी टीमचा मफलर गुंडाळून येतो. कॉफी केलीये, गरम करून घ्या.

काल तुम्ही म्हणालात, "आज हरली की खालच्या डिव्हिजनमध्ये फेकली जाणार, अशा टीमसाठी कोण शहाणा पहाटे उठतो? आणि ते थॉर्नबी गाव तू जन्मात पाहिलं तरी आहेस का?" नाही पाहिलं. आपल्याकडे अमेरिकेत तळाला गेलेल्या टीमला उलट चांगला नवा खेळाडू बक्षीस मिळतो. तिकडे हरलं की उतरावं लागतं. उतरू. मी पुढच्या वर्षीही अशीच उठणार.

आता राग आला तर येऊ दे. तुम्ही लहान असताना आपल्या बॉल्टिमोरची अमेरिकन फुटबॉलची टीम मालकाने रातोरात ट्रकांत भरून दुसऱ्या शहरात नेली. तेव्हापासून तुम्ही एकही मॅच बघितली नाहीत, पण तिची टोपी मात्र माळ्यावर जपून ठेवलीत. माझी थॉर्नबी आज बुडेलही, बाबा. पण उद्या सकाळी ती थॉर्नबीतच असेल.

तुमची ती टोपी मी घालून गेलेय. परत हवी असेल तर पबमध्ये येऊन घेऊन जा.

रोवन